तिसरा सवाल

गोंधळ म्हणजे खरं तर रात्रभर जागायचा विधी. पण राशिनकरांचा गोंधळ दुपारी चारला ठेवला गेला, कारण शेजारचे निवृत्त सुभेदार अंगदराव देवीपेक्षा कडक होते. ते नऊला झोपत, आणि त्यानंतर भिंगारात कुठं टाळी जरी जोरात वाजली तरी त्यांची तक्रार सव्वानऊला योग्य त्या ठिकाणी पोचलेली असे. शिवाय घरचे कर्ते आण्णा नव्वदीचे. साडेसातला त्यांच्यापुढे मुगाची खिचडी आली नाही, तर देवीचा कोप परवडला असता. तेव्हा राशीनच्या यमाईनं काय करायचं? दुपारच्या उन्हात निघायचं, मिरजगावला हायवे गाठायचा आणि चारच्या ठोक्याला भिंगारच्या पंधरा बाय बाराच्या हॉलमध्ये हजर व्हायचं. तिला कुणी विचारलं नव्हतं. राशिनकरांच्या घरात बायकांना विचारायची पद्धतच नव्हती, मग देवी झाली म्हणून काय झालं!

आणि गोंधळ कुणाचा, तर नवदांपत्याचा. नवरदेव एकोणऐंशी वर्षांचे. नवरी सदुसष्टची, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, आण्णांच्या लेकीनं, देवश्रीनं, अमेरिकेत नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि तिचा गोंधळ राहिला. विजया या घरात सून म्हणून आली नव्वद साली. तेव्हापासून पस्तीस वर्षं ती एकच वाक्य ऐकत आली होती. बोअरला पाणी लागलं नाही, गोंधळ राहिलाय. नवऱ्याचं, सुनीलचं, प्रमोशन हुकलं, गोंधळ राहिलाय. दूध नासलं तरी आण्णा पातेल्यात डोकावून सुस्कारा टाकत. आता तिच्या शौनकला अठ्ठावीस मुलींनी नकार दिला होता. सावेडीच्या ज्योतिषानं पत्रिकेवर बोट ठेवून विचारलं, "घरातलं एखादं देवकार्य बाकी आहे का?" आणि झालं. शौनक पहिल्या भेटीत मुलींना आपल्या गाडीचं मायलेज सांगतो, हे कारण असू शकेल असं त्या अठ्ठावीस मुली सोडून कुणाच्याच मनात आलं नाही.

मग विजयानं स्वतः अमेरिकेला फोन लावला. "वन्सं, या हो एकदा. उरकून टाकू."

"येते," देवश्री म्हणाली. "पण तिसरा सवाल आण्णांनीच घ्यायचा. दुसऱ्या कुणी नाही."

विजया तेव्हा बरं म्हणाली. तिला काय ठाऊक!

राशिनकरांच्या गोंधळात पाच सवाल असतात. गोंधळी विचारतो आणि घरचा कर्ता हातात पेटती दिवटी धरून, देवीसमोर, सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं उत्तर देतो. कुलदैवत कोण, लेक कुणाची, जावयाचा उद्योग काय, असे ते सवाल. साधी गोष्ट. दिवटी हातात असताना खोटं बोललं तर वंशाला लागतं, एवढीच काय ती अट.

आणि तिसऱ्या सवालाचं उत्तर भिंगारला एक्केचाळीस वर्षं पाठ होतं. आण्णांचे जावई म्हणजे प्राध्यापक कल्याणराव, अमेरिकेत संगीत शिकवतात.

त्यांचं खरं नाव क्लॅरेन्स पेटिग्रू. लग्नात नाव बदलतात ते मुलीचं, पण आण्णांनी जावयाला न बघताच त्याचं बदललं. त्याचा रंगही बदलायचा त्यांनी प्रयत्न केला. पहिला फोटो आला तेव्हा ते आल्यागेल्याला सांगत, "ट्यूबलाईट मागच्या बाजूला आहे, म्हणून सावळे दिसतात." पुढं पंचवीस वर्षांत जेवढे म्हणून फोटो आले, त्या सगळ्यांत ट्यूबलाईट मागच्याच बाजूला होती. बागेतल्या फोटोतसुद्धा.

सकाळी दहाला स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं आणि कल्याणराव दारात स्टूल टाकून बसले होते. सहा फूट दोन इंच माणूस त्या स्टुलावर म्हणजे उंट तुळशीवृंदावनावर. त्यांना काहीतरी काम हवं होतं.

"मी सोलते," ते वेलदोड्याच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणाले. ते मराठी शिकले ते फक्त बायकोकडून. त्यामुळे ते चाळीस वर्षं येते, जाते, जेवते असंच बोलत होते, आणि देवश्रीनं ते कधी सुधारलं नव्हतं. घरात एवढी तरी मजा असावी, असं तिचं म्हणणं.

विजयानं वाटी दिली. तेव्हा तिनं त्यांची बोटं नीट पाहिली. आल्याचा गड्डा असतो ना, तशी. प्रत्येक पेराला गाठ. एक वेलदोडा तीनदा निसटला, चौथ्यांदा उडून पुरणात पडला.

"राहू दे, कल्याणराव," ती म्हणाली. "तसाच टाकलेला चांगला लागतो." पस्तीस वर्षांत तिनं अख्खा वेलदोडा पुरणात एकदाही टाकला नव्हता.

दारामागून काठीचा आवाज आला. आण्णा आले. त्यांनी जावयाकडे पाहून मान हलवली, कचेरीत आलेल्या दुसऱ्या खात्याच्या माणसाला पाहून हलवतात तशी. आण्णा कॅन्टोन्मेंटच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि निवृत्त होऊन बत्तीस वर्षं झाली तरी त्यांना ते कुणी कळवलं नव्हतं.

"विजया, माझा गुडघा फार दुखतोय," त्यांनी जाहीर केलं. "दिवटी सुनील धरेल."

ओट्याशी कणीक मळणाऱ्या देवश्रीचा हात थांबला. "आण्णा, आपलं ठरलंय."

"गुडघ्याला ठरलेलं कळत नाही."

"सकाळी सहाला फाटकापर्यंत जाऊन पेपर आणलात. तेव्हा कुणाचा गुडघा होता?"

"म्हणूनच दुखतोय!" आण्णा म्हणाले आणि आपल्याच युक्तिवादावर खूश होऊन निघून गेले.

सुनील बाहेर पाट पुसत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही. सुनील राशिनकर म्हणजे फरशीवरचं पाणी. उतार दिसेल तिकडे जायचं. वडिलांनी प्राध्यापक म्हण म्हटलं की तो दिवटी हातात धरून प्राध्यापक म्हणणार, आणि त्यानंतर चवीनं पुरणपोळीही खाणार.

खरं सांगायचं तर विजया त्या क्षणापर्यंत आण्णांच्याच बाजूला होती. गोंधळ पार पडावा, ज्योतिषाचं समाधान व्हावं, एकोणतिसाव्या मुलीनं मायलेज ऐकून घ्यावं. एवढंच तिचं मागणं.

"वन्सं, एका शब्दानं काय बिघडतं हो?" ती पुरण वाटताना म्हणाली. "प्राध्यापक म्हणाले तर म्हणाले. देवी काय सर्टिफिकेट मागणार आहे?"

देवश्रीनं पोळी तव्यावर टाकली. "तुला तरी ठाऊक आहे का तो काय करतो?"

"संगीताचं काहीतरी."

"पस्तीस वर्षं, विजया. संगीताचं काहीतरी!"

मग पोळ्या होईपर्यंत विजयानं जे ऐकलं ते असं. सिनसिनाटीतल्या एका शाळेत मुलांना वाद्यं वाटली, त्या दिवशी क्लॅरेन्स गोवर येऊन घरी पडलेला. आठवड्यानं गेला तर एकच वाद्य उरलेलं, कुणालाच नको असलेलं. बास. उभ्या माणसाएवढं, सारंगीच्या आजोबासारखं दिसणारं, जाड चार तारांचं, बोटांनी छेडायचं. ते घराच्या दारातून आडवंच न्यावं लागे. सिटी बसचा ड्रायव्हर ते धूड बघून गाडी थांबवत नसे. पोरगं ते पाठीवर घेऊन दोन मैल चालायचं.

"मग?" विजयाचा हात पुरणयंत्रावर थांबला.

"मग मोठेपणी तो त्याच मार्गावर बस ड्रायव्हर झाला," देवश्री म्हणाली. "बावीस वर्षं. दिवसा बस आणि संध्याकाळी जॅझ. पाठीवर काही मोठं घेतलेलं माणूस दिसलं की स्टॉप नसला तरी थांबायचा. दोनदा मेमो मिळालाय त्याबद्दल."

"तीन," दारातून कल्याणराव म्हणाले.

जॅझमध्ये पुढं तुतारीसारखं काहीतरी वाजवणारा उभा राहतो, टाळ्या त्याला. गाणारी असेल तर फुलं तिला. बासवाला मागं. त्रेसष्ट तबकड्यांवर क्लॅरेन्सनं वाजवलं होतं, आणि एकाही तबकडीच्या पुढच्या बाजूला त्याचं नाव नव्हतं. मागच्या बाजूला होतं, मुंगीच्या अक्षरात, त्यातही दोनदा चुकीचं छापलेलं. पॅरिसला वाजवलं, टोकियोला वाजवलं, आणि तिथून परत येऊन सोमवारी सकाळी पहिली बस काढली.

"आणि तुम्हाला कुठं भेटले?"

"लायब्ररीत. मी तबकड्यांची कार्डं करायचे. हा आला आणि म्हणाला, या तबकडीवर चार माणसं वाजवतात, तुमच्या कपाटात एकाच्याच नावाचं कार्ड आहे. मला इतकी लाज वाटली! बसून चारही कार्डं लिहिली." देवश्रीनं पोळी उलटली. "चौथ्याशी लग्न केलं."

कल्याणरावांना हसू आलं. पण ते लगेच उठून बाहेर गेले.

देवश्रीचा आवाज खाली आला. "दोन वर्षांपूर्वी त्यानं बास विकला, विजया. बोटांनी तार दबत नाही. एका एकोणीस वर्षांच्या मुलीला दिला. ती घेऊन गेली त्या दिवशी यानं तिला स्टॉपपर्यंत सोडलं, आणि बसवाल्यानं थांबवली का ते बघत उभा राहिला. त्यानंतर एक तबकडी लावलेली नाही घरात. आता उद्या तो गेला की इथल्या पेपरात काय येईल, सांगू? प्राध्यापक कल्याणराव यांचे दुःखद निधन. जो माणूस कधी नव्हताच तो मरणार. माझ्या नवऱ्याचं काय? माझ्या माहेरात एकदा, एकदा तरी, तो काय करतो ते कुणीतरी तोंडानं बोलावं. म्हणून आणलंय त्याला एवढ्या लांब. शौनकच्या लग्नासाठी नाही, राग मानू नकोस."

विजयानं राग मानला नाही. पण बाजूही बदलली नाही. माणूस नणंदेचं दुःख ऐकून लगेच विरघळायला लागलं तर संसार कसे व्हायचे!

बाजू बदलली तीन वाजता, चहाच्या कपावर.

मच्छिंद्र गोंधळी मिरजगावहून आला होता. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला मोबाईलचं कव्हर. त्याच्याबरोबर छगन, तुणतुणंवाला. छगन कमी बोलायचा, कारण त्याला बोलायची सवयच नव्हती. मच्छिंद्रनं हॉल बघितला, सोफा बाहेर काढायला लावला, पाच ज्वारीच्या ताटांची खोपी उभी केली, पाटावर नवा खण पसरला, त्यावर देवीचे तांदूळ आणि कलश मांडला आणि मग ओट्यापाशी येऊन चहा बशीत ओतला.

"काकू, ह्यो गोंधळ आमच्याकडं उधार हाय बरं का. माज्या बापाचा."

"म्हणजे?"

"म्हंजी काय, पंच्याऐंशी साली सांगावा आल्ता आण्णांचा. तारीख ठरली. बाप संबळ घिऊन ह्याच फाटकाशी आल्ता. मी व्हतो संगं, आठ-धा वर्साचा."

"काहीतरीच," विजया म्हणाली. "गोंधळ ठरलाच नव्हता. नोंदणी लग्न होतं ना, म्हणून राहिला."

"नोंदनी लग्नाचा गोंधळ व्हत न्हाई असं कोन म्हंतो? आई काय तहसीलदार हाय का, कागद बघायला?" मच्छिंद्रनं बशी रिकामी केली. "आण्णा फाटकाशी आले. बापाला बाजूला घेतलं न् म्हनले, तो तिसरा सवाल गाळता यील का. बाप म्हनला, सवाल पाचच. चार करता येत न्हाईत न् सा करता येत न्हाईत. मग आण्णांनी नारळ दिला, शिधा दिला न् फाटकातनंच मागं धाडलं. मला पेढा मिळाल्ता."

विजयानं चहाचं पातेलं खाली ठेवलं. जरा जोरातच.

म्हणजे बोअर, प्रमोशन, नासलेलं दूध! अठ्ठावीस मुली! तिनं केलेले एकवीस मंगळवार! सगळं देवश्रीच्या नोंदणी लग्नापायी नव्हे, तर नव्वद वर्षांच्या या हेडक्लार्कला चारचौघांत एक शब्द उच्चारायचा नव्हता म्हणून. माणूस भक्त मात्र खरा. देवीसमोर खोटं बोलायची हिंमत नाही आणि खरं बोलायची लाज. तेव्हा त्यानं सरळ देवीलाच तहकूब केलं. चाळीस वर्षं! पुढील तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

"मच्छिंद्र," ती गोड आवाजात म्हणाली, आणि तिचा तो आवाज ओळखणारा माणूस तेव्हा घरात असता तर मागच्या दारानं पळाला असता. "बिनलग्नाच्या मुलाच्या हातात दिवटी चालते का हो?"

मच्छिंद्रनं तिच्याकडे पाहिलं. सात पिढ्या लोकांच्या घरात जाऊन उभं राहायचा धंदा. त्याला सगळं वाचता येत होतं.

"तुमी सांगा," तो म्हणाला. "चालती का?"

"नाही चालत."

"मग न्हाई चालत."

पावणेचारला तिनं सुनीलला हाक मारली. "अहो, विड्याची पानं सुकली. भिंगार बाजारातून घेऊन या. आणि बघून घ्या हं, मोठी जाड नकोत, गावरान हवीत. कोवळी. देठासकट. एकवीस."

"आत्ता?"

"नको, दिवाळीला आणा."

उतार दिसला. सुनील निघाला.

चारला हॉल भरला. अंगदराव पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते, आवाज नियमात आहे की नाही ते बघायला. शौनक कोपऱ्यात मोबाईल उभा धरून शूटिंग करत होता. देवीसमोरच्या पाटावर देवश्री, अंगावर हिरवी साडी, नाकात आईची नथ. शेजारी कल्याणराव. त्यांना मांडी घालता येईना, तेव्हा त्यांचे पाय थेट कलशाच्या दिशेनं लांब गेले, आणि छगननं न बोलता कलशच एक वीत सरकवला.

संबळ कडाडला. दारातला टॉमी पळाला. मच्छिंद्रनं एकेका ठिकाणच्या देवीला नाव घेऊन आवतण दिलं, राशीनच्या यमाईपाशी आवाज चढवला, आणि लोकांनी "उदे! उदे!" म्हणून साथ दिली. विजयानं दिवटी पेटवून तेल घातलं.

"सुनील कुठंय?" आण्णांनी खुर्चीतून विचारलं.

"पानं आणायला गेलेत."

"आत्ता कसली पानं? बरं, मग शौनक..."

"बिनलग्नाच्या हातात दिवटी देत नाहीत, आण्णा."

"हे कुणी सांगितलं?"

"काकू बरूबर बोलत्यात," मच्छिंद्र म्हणाला, चेहऱ्यावर सात पिढ्यांचं गांभीर्य आणून. "लई जुनी रीत हाय." रीत तासाभराची होती.

"माझा गुडघा—"

"मी धरते तुम्हाला," विजया म्हणाली आणि दिवटी त्यांच्या हातात दिली.

आता आली का पंचाईत! सगळा हॉल बघतोय, हातात जाळ आहे, आणि पस्तीस वर्षांत एकदाही उलट न बोललेली सून काखेत हात घालून उभी आहे. विजयाला कळलं की हात प्रेमानं धरला तरी चालतो आणि पळू नये म्हणून धरला तरी बाहेरून तो सारखाच दिसतो.

पहिला सवाल. कुलदैवत कोण? "राशीनची यमाई." दुसरा सवाल. लेक कुणाची? "माझी, यज्ञेश्वर राशिनकराची थोरली." आवाज अजून ठणठणीत. हेडक्लार्कचा.

मच्छिंद्रनं संबळ थांबवला.

"तिसरा सवाल, आण्णा. आईला सांगा, जावयाचा उद्योग काय?"

देवश्रीनं वर पाहिलं नाही. ती खणावरच्या तांदळाकडे बघत होती. तिचा हात मात्र कल्याणरावांच्या गाठाळ बोटांवर होता.

"ते..." आण्णा म्हणाले. "संगीत क्षेत्रात आहेत."

"क्षेत्र म्हंजी? राशीन बी क्षेत्र हाय. काम सांगा."

"अमेरिकेत असतात ते."

"अमेरिका तिला काय ठावं! काम."

दिवटीचं तेल आण्णांच्या मनगटावर ओघळलं. विजयानं ते पदरानं टिपलं, पण दिवटी घेतली नाही. पुढच्या रांगेतल्या अंगदरावांनी मदत करावी म्हणून सांगून टाकलं, "प्राध्यापक आहेत की! आण्णा, बोला ना, प्राध्यापक!"

आण्णांनी तोंड उघडलं. मिटलं. जाळाकडे बघितलं, त्यापलीकडे यमाईच्या तांदळाकडे, आणि मग, मला वाटतं जन्मात पहिल्यांदाच, नीट जावयाकडे. मागं ट्यूबलाईट नव्हती. चारचं ऊन सरळ तोंडावर होतं.

"वाजवतात," ते म्हणाले.

"मोठ्यानं."

"वाजवतात! बास वाजवतात. मोठं असतं, उभं. चार तारा."

"कुठं उभं ऱ्हाऊन?"

"मागं," आण्णा म्हणाले. "सगळ्यांच्या मागं उभं राहून."

आणि जन्मभर कमी बोललेला छगन मच्छिंद्रच्या पाठीमागून एकदम म्हणाला, "मंग आपल्यातलंच हाय की मानूस!"

हॉलमध्ये खसखस पिकली. जावई गोंधळ्याच्या साथीदारात जमा झाला! आण्णांना ज्याची एक्केचाळीस वर्षं भीती वाटली ते हेच, एवढंच, आणि ते होऊनही गेलं. छत पडलं नाही. पण एकदा फाईल उघडली की हेडक्लार्क मध्येच बंद करत नाही.

"दिवसा बस चालवायचे," आण्णा पुढं म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "बावीस वर्षं. सिनसिनाटी. तीन मेमो, तिन्ही प्रवाशाला नियमबाह्य ठिकाणी घेतल्याबद्दल. एकूण चौसष्ट तबकड्या."

देवश्रीनं झटकन वर बघितलं. "त्रेसष्ट, आण्णा."

"चौसष्ट."

"अहो, मी बायको आहे त्याची! त्रेसष्ट."

"शहाण्णवच्या मार्चमधलं पत्र," आण्णा म्हणाले. "त्यात तू लिहिलंस की एका म्हाताऱ्या पियानोवाल्याबरोबर चर्चमध्ये रेकॉर्डिंग झालं. पुढं मोजताना ती धरायची विसरलीस. माझ्याकडे आवक नंबर घालून आहेत सगळी. चौसष्ट."

देवश्रीच्या त्या पत्रांना आण्णांनी एकदाही उत्तर दिलं नव्हतं. आई लिहायची चार ओळी, खाली आण्णांचे आशीर्वाद, तेही आईच्याच अक्षरात. देवश्रीनं बोटांवर काहीतरी मोजलं, आणि नवऱ्याच्या कानाशी लागून इंग्रजीत सांगितलं. कल्याणराव जरा वेळ आठवत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"बरोबर सांगते म्हातारी," ते सासऱ्याकडे बोट करून म्हणाले.

तेव्हा मात्र हॉल असा हसला की अंगदरावांनी घड्याळ बघितलं.

चौथा न् पाचवा सवाल कसे गेले कुणालाच आठवत नाही. विजयाला एवढंच आठवतं की आरतीच्या आधी छगन घाम पुसत बसला होता आणि कल्याणराव त्याच्या तुणतुण्याकडे बघत होते. एक तार. ती दाबायची नसते, नुसती बारक्या काडीनं छेडायची. छगननं एकदा त्यांच्या बोटांकडे बघितलं, एकदा तुणतुण्याकडे, आणि काडी पुढं केली.

"घ्या. मला बी पोळी खायचीय."

कल्याणराव भिंत धरून उठले. ते पाटावर परत बसले नाहीत, पुढंही आले नाहीत. आपोआप, कुणी न सांगता, मच्छिंद्रच्या मागं जाऊन उभे राहिले. पहिली चार-पाच आवर्तनं नुसती मान हलवली. मग तार बोलली. मच्छिंद्रनं मागं वळून पाहिलं नाही, पण त्याचा पाय एकदम हलका झाला, आणि तो अशी गिरकी घेऊन नाचला की झग्याचा घेर शौनकच्या मोबाईलला लागला.

देवश्री तांदळाकडे बघत बसली होती आणि डोळे पुसत नव्हती. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी चोळू नका म्हणून सांगितलं होतं, असं ती नंतर म्हणाली.

तेवढ्यात सुनील एकवीस गावरान पानं घेऊन आला, देठासकट. "झालं का सुरू?" त्यानं विचारलं.

अंगदराव आण्णांच्या खुर्चीकडे झुकले होते. आवाज नियमात होता, पण त्यांचा जीव दुसरीकडेच अडकला होता. "पण आण्णा, इतकी वर्षं आम्ही ऐकत होतो, तुमचे जावई प्राध्यापक आहेत म्हणून?"

आण्णांनी दिवटी विजयाच्या हातात दिली, उपरणं नीट केलं आणि मागच्या रांगेकडे, तुणतुण्याकडे बघत कपाळाला आठी घातली.

"प्राध्यापक?" ते म्हणाले. "कोण म्हणालं? लोक ना, अंगदराव, काहीही उठवतात!"